तिऱ्हाइताचा आवाज

१२ फेब्रुवारी

प्रिय टिल्ल्या,

सहा फूट उंचीच्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाला अजून टिल्ल्या म्हणणारी आता मी एकटीच उरले असेन. पत्ता मावशीने दिला. तिच्यावर चिडू नकोस. तीन वेळा फोन करून पिडलं तेव्हा कुठे ती बधली. म्हणाली, "फोन तो उचलणार नाही, मेल उघडणार नाही. हाताने लिही. हाताने लिहिलेलं फाडायला माणसाला जरा वेळ लागतो."

धाकट्या भावाला पत्र लिहिताना वर आशीर्वाद लिहितात. ते राहू दे. कामाचंच लिहिते.

'वाचा' अजून चालू आहे. तू गेलास तेव्हा ती दोनशे घरांत होती, आता अकराशे घरांत आहे. ज्यांचं बोलणं गेलं ते नजरेने पडद्यावरची अक्षरं निवडतात आणि यंत्र त्यांच्या वतीने बोलतं. अजूनही सगळं उघडं आहे. कोणीही घ्यावं, आत डोकावावं, बदलावं. बाबांना झटका आल्यावर आपण स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरू केलं तसंच. फरक एवढाच की आता त्यात परक्याने लिहिलेल्या कोडची एक ओळ नाही. सगळं माझ्या हातचं आहे. दिवसभर पाणीपुरवठा कार्यालयात लोकांच्या तक्रारी मशीनमध्ये भरायच्या, आणि सकाळी साडेपाच ते आठ 'वाचा'. रविवारी पूर्ण दिवस. घरात दुसरं कोणी नाही, त्यामुळे मध्येच उठवणारंही कोणी नाही.

मागच्या आठवड्यात एका शिंपिणीचं पत्र आलं. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला स्नायू हळूहळू निकामी होण्याचा आजार आहे. इंटरनेटवरच्या 'वाचा'च्या पानावर त्याने दोन वर्षांपूर्वी वाचलं, की बोलणं जाण्याआधी आपल्या आवाजात काही वाक्यं भरून ठेवा, पुढे यंत्र तुमच्याच आवाजात बोलेल. त्याने सहाशे वाक्यं भरली. शेवटची शंभर भरायला त्याला दीड महिना लागला, असं ती लिहिते. नोव्हेंबरात त्याचं बोलणं गेलं. आता ती विचारते, ही वाक्यं घालायची कुठे?

कुठेच नाही. तू गेलास त्याच महिन्यात तो आवाजाचा तुकडा, बाहेरच्या कोणीतरी लिहिलेला तो कोड, मी 'वाचा'मधून उपटून काढला. त्याच्याबद्दलचं पान मात्र पुसायचं राहिलं.

भांडण उकरून काढायचं नाही मला. तू म्हणायचास, "ताई, ज्या भाषेत तू लिहितेस ती तू बनवलीस का? पडद्यावरचा टाइप तुझा का? सगळं तिऱ्हाइतांचंच आहे. मग एका आवाजाच्या तुकड्याने तुझं सोवळं का मोडतं?" मी म्हणायचे, ज्याचं तोंड आपण कधी पाहिलं नाही त्याच्या भरवशावर आजारी माणसाचं तोंड सोपवायचं नाही. आणि शेवटी काय झालं ते तू पाहिलंस. तिकडे त्या तिऱ्हाइताने नवी आवृत्ती सोडली आणि इकडे इस्पितळात बाबा मुके झाले. यावर मला आणखी बोलायचं नाही.

एवढंच सांग: तो तुकडा तू 'वाचा'ला कसा जोडला होतास? तुझ्या नोंदी माझ्याकडे नाहीत. म्हणजे, होत्या. मी टाकून दिल्या.

शिंपिणीला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

ताई


२ मार्च

प्रिय टिल्ल्या,

तुझं उत्तर नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

अडीच आठवडे मी स्वतःच खटपट केली. तो आवाज मीच बनवीन म्हटलं, सहाशे वाक्यं आहेत, मला काय अशक्य आहे. जे बनलं ते पत्र्याच्या पिंपात बसून कोणीतरी बोलावं तसं आहे. हे काम एकट्या माणसाचं नाही. लिहायला जड जातंय, पण नाही.

शेवटी काल त्यांच्याकडे जाऊन आले. बसने दोन तास लागतात. तिसऱ्या मजल्यावर एकच मोठी खोली. अर्ध्या खोलीत शिलाई मशीन, कापडाचे गठ्ठे, भिंतीला खडूने काढलेली मापं. अर्ध्या खोलीत त्याचा पलंग, डोक्याकडून उचललेला, समोर लोखंडी हातावर पडदा. त्याची बायको शिवत असते तेव्हा तिची पाठ त्याच्याकडे होते, कारण उजेडाची खिडकी त्या बाजूला आहे.

मी बसले तर तो पडद्यावरून म्हणाला, "नमस्कार. मी लिफ्टसारखा बोलतो. कृपया दार बंद करा." आणि डोळ्यांनी हसला. माझ्याच हातचा तो सपाट आवाज, टिल्ल्या. आठ महिने खपून केलेला. त्याच्या तोंडून ऐकताना मला खुर्चीत नीट बसवेना.

शिंपीण म्हणाली, "तुम्ही राग मानू नका हं. तुमच्यामुळे निदान तो काही मागू तरी शकतो. पण मी पाठमोरी असते ना, तेव्हा दरवेळी दचकते. वाटतं घरात कोणीतरी माणूस शिरलाय. एकतीस वर्षं मी न वळता त्याच्याशी बोललेय. आता वळून बघावं लागतं, की बोलला तो हाच का."

मग त्याने विचारलं. एकेक अक्षर निवडत, मिनिटभर. "आवाजाची सोय होती. काढली कोणी?"

मी म्हणाले, "माझ्या भावाने."

तोंडातून निघून गेलं असं लिहिणार होते. पण निघून गेलं नाही, मी म्हटलं. वर हेही म्हटलं, की तो अर्धवट टाकून निघून गेला, मी निस्तरतेय. शिंपिणीने मान हलवली, म्हणाली, "भाऊ असेच." आणि मला बसपर्यंत सोडायला आली. परतीचे दोन तास मी खिडकीबाहेर बघत होते. काय पाहिलं ते आठवत नाही.

तुला हे का सांगतेय? तू तर हे पत्र फोडणारही नाहीस. कदाचित म्हणूनच.

ताई


२१ मार्च

प्रिय टिल्ल्या,

आज मी तिऱ्हाइताला भेटले.

पडद्यावर, पण भेटले. तो तुकडा ज्याने लिहिला त्याला शोधून मी पत्र टाकलं होतं. इतकी वर्षं 'तो' म्हणत आले, ती बाई निघाली! बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवत होती, आता निवृत्त आहे. पांढरे केस, जाड चष्मा, मागे फडताळावर घड्याळांची एक रांग, आणि त्यातलं एकही बरोबर वेळ दाखवत नव्हतं. मी ते बोलून दाखवलं तर म्हणाली, "दुरुस्तीला घेते आणि राहून जातात. कोड तसा राहू देत नाही, एवढं खरं."

नऊ वर्षं तिने तो आवाजाचा तुकडा एकटीने सांभाळला. जगभर लोक वापरत होते, आणि वर्षाकाठी आभाराची दोन पत्रं यायची. बाकी सगळ्या तक्रारी. मग डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. दोन महिने पडदा बघायचा नाही. ज्याने मदतीला हात वर केला त्याच्या हाती तिने कोड बदलायच्या किल्ल्या दिल्या. त्याने न तपासता नवी आवृत्ती सोडली.

"त्या आवृत्तीने अकरा ठिकाणी यंत्रं बंद पडली," ती म्हणाली. "दहा ठिकाणचे लोक माझ्यावर ओरडले. त्यांचं बरोबरच होतं. अकराव्याने लिहिलं, की माझे वडील गेले, पण यात तुमचा दोष नाही, तुम्ही डोळे सांभाळा, दुरुस्ती मी करून सोबत जोडली आहे. तो तुमचा भाऊ. तेव्हापासून हा तुकडा आम्ही दोघं सांभाळतो."

मी विचारलं, "तेव्हापासून म्हणजे?"

"सहा वर्षं झाली. दर मंगळवारी. का? तुम्हाला माहीत नाही?"

तू तिथे वेगळ्याच नावाने लिहितोस म्हणे. ते नाव मी शेकडो वेळा पाहिलेलं आहे, टिल्ल्या. दरवेळी 'परका' म्हणून पुढे गेले. ज्या कोडला मी घराचा उंबरा ओलांडू दिला नाही, त्यातलं निम्मं तुझ्या हातचं आहे.

ती पुढे म्हणाली, "फार कडक आहे बाई तुमचा भाऊ. नवी आवृत्ती तीन दिवस स्वतः वापरून बघितल्याशिवाय बाहेर सोडू देत नाही. जुन्या आवृत्त्यांच्या प्रती तीन ठिकाणी ठेवायला लावतो. मी एकदा विचारलं, एवढा धसका कसला? तर म्हणाला, आमच्या घरी एकदा घाई झाली होती."

"कोणी केली?" मी विचारलं. माझाच आवाज मला लांबून ऐकू आला.

"ते नाही सांगितलं त्याने. मीही विचारलं नाही." मग चष्मा पुसत म्हणाली, "तुकडा मी देते, हवी ती मदत करते. पण 'वाचा'शी त्याचा सांधा तुमच्या भावाने घातला होता. ते त्यालाच विचारा."

विचारलंय, असं मी म्हटलं नाही.

ताई


९ एप्रिल

प्रिय टिल्ल्या,

हे पत्र चौथ्यांदा लिहायला घेतलंय. आधीची तिन्ही फाडली. मावशी म्हणते तसा वेळबिळ काही लागला नाही.

त्या दिवशी दुपारी तू बाबांचे धुतलेले कपडे आणायला घरी गेला होतास. खोलीत मी आणि बाबा. यंत्र पलंगाला लावलेलं होतं. यंत्राच्या कडेला तू कागदाची पट्टी चिकटवली होतीस: 'हात लावू नये. नवीन काही आलं तर मला विचारा.' ती वाचून बाबा हसले होते. त्यांच्याच आवाजात यंत्र म्हणालं होतं, "प्रवाशांनी नोंद घ्यावी."

तो आवाज तू त्यांना परत दिलास. बस स्थानकावरच्या त्यांच्या घोषणांच्या जुन्या टेपा कुठून कुठून मिळवून आणल्यास आणि त्या तिऱ्हाइताच्या तुकड्यात भरल्यास. ज्या दिवशी बाबा पहिल्यांदा पडद्यावरून बोलले, त्या दिवशी तुला मिठी मारायला त्यांचा एकच हात चालत होता. मी दारात उभी होते. मला आनंद झाला होता. आणि मला वाईटही वाटलं होतं, की माझ्या आठ महिन्यांच्या कामाने हे झालं नव्हतं.

त्या दुपारी आवाज अडखळायला लागला. शब्द दोनदा येत होते. पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उघडली: नवी आवृत्ती आली आहे. बाबांनी तेवढ्यात एक वाक्य निवडलं, "टिल्ल्या आला का?" मी म्हटलं, "मी आहे ना." त्यांनी परत तेच निवडलं. "टिल्ल्या आला का?" शब्द अडखळत, दोनदोनदा.

आणि मी बटण दाबलं.

तुला विचारलं नाही. पट्टी वाचून दाबलं. वाटलं, तू यायच्या आत नीट करून ठेवावं. बाबांनी म्हणावं, हिनेही केलं.

पडदा काळा झाला तो झालाच. बाबा आधी पडद्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी कागदावर अक्षरं लिहून त्यांच्यासमोर धरली, पण त्यांची नजर तोवर कागदावर ठरत नव्हती. तू आलास, उभ्यानेच कामाला लागलास. जुनी आवृत्ती तिकडून काढून टाकलेली होती. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी तू यंत्र बोलतं केलंस. तेव्हा बाबा शुद्धीवर नव्हते. मग नव्हतेच.

आणि त्याआधी, बाबा अजून आत असताना, मी बाहेरच्या बाकापाशी, मावशीसमोर, शेजाऱ्यांसमोर म्हटलं, "तुझ्या तिऱ्हाइताने माझ्या बाबांचं तोंड बंद केलं." तू माझ्याकडे बघितलंस. म्हणालास, "हो. चूक माझी आहे." मला वाटलं, बरं झालं, तुला कळलेलं नाही. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता, पण तेव्हा मला नेमकं हेच वाटलं होतं.

मावशीला मी सांगितलं, की बाबांचं शेवटचं वाक्य 'सगळे सांभाळून राहा' असं होतं. ते मी रचलं. शेवटचं वाक्य तुझ्याबद्दल होतं. सहा वर्षं मी ते तुझ्यापासून लपवून ठेवलं.

एक गोष्ट केली मी. परवा शिंपिणीकडे जाऊन खरं सांगितलं: सोय भावाने काढली नाही, मी काढली, रागाच्या भरात, आणि तुमच्याशी खोटं बोलले. ती बाही जोडत होती. टाका संपेपर्यंत थांबली नाही. मग दोरा तोडून म्हणाली, "बरं. मग परत घाला."

माफी मागत नाही. मागितली तर ती द्यायची की नाही हे कामही तुझ्याच गळ्यात पडेल.

ताई


२ मे

प्रिय टिल्ल्या,

तुझं पाकीट गेल्या आठवड्यात आलं.

आधी काम सांगते, कारण तूही आधी कामच लिहिलं आहेस. चार पानं, तुझं ते मुंगीएवढं अक्षर, सांध्याची प्रत्येक पायरी. तिसऱ्या पानावर 'इथे ताई घाई करेल, करू नये' असं आहे. केली नाही. शिक्षिकाबाई पडद्यावरून सोबत होत्या. दोन दिवस आम्ही सगळं माझ्याच यंत्रावर तपासलं. तीन दिवस का नाही, असं म्हणशील. तो माणूस वाट बघत होता, आणि प्रती तीन ठिकाणी ठेवल्या आहेत.

काल दुपारी त्यांच्याकडे बसवलं. शिंपीण मशीनवर होती, खिडकीकडे तोंड करून. एका परकरपोलक्याचं काम संध्याकाळी द्यायचं होतं, म्हणून ती काही थांबली नव्हती. "तुमचं झालं की सांगा," म्हणाली. मी त्याला खूण केली. आता हा काहीतरी मोठं बोलणार, असं मला वाटत होतं. तो अक्षरं निवडत होता.

खोलीत एक जरासा घोगरा, चेष्टेखोर आवाज म्हणाला, "अगं, तो पंखा जरा कमी कर. कधीचं सांगतोय."

तिने न वळता हात लांब करून पंखा कमी केला. "मग आधी नाही का सांगायचं?" म्हणाली आणि शिवत राहिली. चार-पाच टाके गेले असतील. मग मशीन थांबलं. ती तशीच पाठमोरी बसून राहिली, दोन्ही हात कापडावर. मी पिशवी उचलून हळूच बाहेर पडले.

'वाचा'च्या किल्ल्या आता एकट्या माझ्याकडे नाहीत. एक संच शिक्षिकाबाईंकडे, एक दूरच्या एका नर्सकडे. ही नर्स चार वर्षं मला चुका कळवत होती आणि मी तिला उत्तरच देत नव्हते. परक्याचं घ्यावं की नाही यावर माझं मत पूर्ण बदललेलं नाही, हे सांगून ठेवते. डोळे मिटून घेऊ नये. पण घेतलं तर तो माणूस कोण, त्याचे डोळे बरे आहेत का, त्याला कोणी मदतीला आहे का, एवढी विचारपूस करावी. आणि बटण दाबणारा हात कोणाचा होता ते खरं सांगावं. मंगळवारी मीही तुमच्या तुकड्यावर काम करणार आहे. तू असलास तरी मी मध्ये बोलणार नाही.

आता तुझं शेवटचं पान.

तू लिहितोस: "बटण तू दाबलंस हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. यंत्रात वेळ नोंदलेली असते. दोन वाजून सतरा मिनिटं. मी तेव्हा बसमध्ये होतो. बाहेर सगळ्यांसमोर ते म्हटलं असतं, तर तू बाबांच्या खोलीत परत पाऊल टाकलं नसतंस, आणि ते अजून होते. नंतर वाटलं, तू स्वतःहून सांगशील. वर्षभर वाट बघितली. मग सवय झाली. बाबांचं वाक्य मला माहीत नव्हतं. ते कळल्याने बरं वाटलं, आणि वाटलं नाहीही. मी येणार नाही. निदान एवढ्यात नाही."

ठीक आहे. ये असं म्हणायचा हक्क मी मागत नाही.

हे पान मी जिन्यातच उभ्याने वाचलं होतं. घरापर्यंत जायला धीर निघाला नाही. वरच्या मजल्यावरच्या बाई खाली येत होत्या, थांबल्या. गेली पाच वर्षं आम्ही एकाच जिन्यात राहतो, रोज एकमेकींना 'कशा आहात' म्हणतो. त्यांनी विचारलं, "काय झालं हो? काही वाईट बातमी का?"

मी म्हटलं, "नाही, नाही. भावाचं पत्र आलंय."

त्या म्हणाल्या, "अगंबाई! तुम्हाला भाऊ आहे?"

"आहे," मी म्हटलं.

तुझी,
ताई